'सापाची लस' आणि बी पेशींची निवड

सर्पदंश झालेल्या रुग्णाला दवाखान्यात जे औषध शिरेतून देतात, त्याला आपल्याकडे सर्रास 'सापाची लस' म्हणतात. वर्तमानपत्रांत तसेच छापून येते, वर्गातही तोच शब्द चालतो. एखाद्या शब्दावरून एवढा वाद कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा शब्द आणि प्रतिकारशक्ती शिकवताना आपण हटकून वापरतो ती 'सैनिकां'ची उपमा, या दोहोंमुळे विषयाचा गाभाच विद्यार्थ्यांपासून लपून राहतो.

लस टोचतात तेव्हा शरीरात जातो तो प्रतिजन, म्हणजे निष्प्रभ केलेला जंतू किंवा त्याचा अंश. प्रतिपिंडे तयार करण्याचे काम टोचून घेणाऱ्याच्या बी पेशींनी करायचे असते. सर्पविषावरील औषधाची गोष्ट नेमकी उलटी आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अल्प मात्रेपासून सुरुवात करून वाढत्या प्रमाणात घोड्याला टोचतात. काही आठवड्यांनी, महिन्यांनी त्याच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडे साठली, की रक्तद्रव काढून त्यातून औषध बनवतात. म्हणजे लस घेतली ती घोड्याने. रुग्णाला मिळतात ती आयती प्रतिपिंडे. परळच्या हाफकिन संस्थेची सुरुवात 1899 मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी झाली. तिथे प्लेगची लसही तयार झाली आणि पुढे सर्पविषावरील हे औषधही. दोहोंना एकच नाव देणे म्हणजे बी-बियाणे आणि तयार धान्य यांना एकच शब्द वापरण्यासारखे आहे.

आता विद्यार्थ्याने एक साधा प्रश्न विचारला असे समजू. शत्रू आला की आपले सैनिक त्याला ओळखून त्याच्यासाठी खास शस्त्र घडवतात, असे तुम्ही सांगितलेत. मग साप चावल्यावर माणसाचे शरीर स्वतःच ते शस्त्र का घडवत नाही? घोडा कशाला लागतो? सैनिकांच्या उपमेत या प्रश्नाला उत्तर नाही. कारण शरीर प्रतिजन पाहून प्रतिपिंड घडवते, ही समजूतच चुकीची आहे.

ही चूक मात्र मोठ्या माणसांनीही केलेली आहे. 1940 मध्ये लायनस पॉलिंग यांनी मांडले होते की प्रतिजनाचा साचा म्हणून उपयोग होतो आणि त्याच्याभोवती प्रतिपिंडाची घडी पडते. 1957 मध्ये मॅकफार्लेन बर्नेट यांनी याउलट निवडीचा सिद्धांत मांडला: निरनिराळी प्रतिपिंडे धारण करणाऱ्या पेशी शरीरात आधीपासूनच असतात, प्रतिजन फक्त त्यांतली जुळणारी पेशी निवडतो. एक पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवते, याचा पुरावा नॉसल आणि लेडरबर्ग यांनी 1958 मध्ये दिला. 1964 मध्ये एडगर हेबर यांनी प्रतिपिंडाची उलगडलेली साखळी प्रतिजन जवळ नसताना पुन्हा घडी होऊ दिली, तरी तिची ओळख कायम राहिली. साच्याची कल्पना इथे संपली.

मग इतके प्रकार आधीपासून येतात कुठून? सुसुमू टोनेगावा यांना 1987 चे नोबेल मिळाले ते याच उत्तरासाठी. माणसात प्रतिपिंडाच्या जड साखळीसाठी जनुकखंडांचे तीन गट असतात, त्यांत साधारण 40, 23 आणि 6 खंड. प्रत्येक गटातून एकेक उचलला, तर 40 × 23 × 6 = 5,520 जोडण्या होतात. हलक्या साखळीच्या सुमारे 320. गुणाकार सतरा लाखांच्या वर जातो; शिवाय सांध्यांवर अक्षरे वाढतात किंवा गळतात, त्यामुळे खरी संख्या कित्येक कोटींवर जाते. हे गणित नववी-दहावीच्या मुलांना सहज करता येते.

उपमा हवीच असेल, तर कोल्हापूरकरांना ती शोधायला लांब जावे लागणार नाही. कारागिराला पायाचे माप देऊन चप्पल बांधून घेणे, ही झाली पॉलिंग यांची कल्पना. चप्पल लाईनमध्ये मांडलेल्या असंख्य जोडांतून पायात बसणारा जोड उचलणे, ही बर्नेट यांची. पुढे एवढेच सांगायचे, की शरीरात जो जोड बसला त्याच्याच हजारो नकला निघतात, नकलांत थोडे थोडे फरक होतात आणि अधिक नेमका बसणारा जोड टिकतो. ही उपमाही अपुरी आहे. स्वतःच्याच शरीराशी जुळणाऱ्या बी पेशी बहुतांशी आधीच बाद होतात, आणि विषासारख्या प्रथिनांच्या बाबतीत टी पेशींच्या साहाय्याशिवाय बी पेशी पुरेशा जोमाने वाढत नाहीत. या गोष्टी दुकानात नाहीत, हे मुलांना सांगावे.

निवड म्हटली की वेळ आलाच. नव्या प्रतिजनाशी जुळणाऱ्या मोजक्या पेशी सापडणे, त्यांचे विभाजन होणे, त्यांतून प्रतिपिंडे स्रवणाऱ्या पेशी तयार होणे, यांत पाच-सात दिवस जातात. मण्यारचे विष काही तासांत श्वास थांबवू शकते. घोडा लागतो तो यासाठी. औषधाच्या एका मिलिलिटरने नागाचे 0.6 मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे, असे आपल्याकडील प्रमाण आहे. मात्र सह्याद्रीतल्या चापड्याचे विष घोड्याला टोचलेले नसते, म्हणून त्या दंशावर या औषधाचा भरवसा धरता येत नाही. याउलट, घोड्याचे प्रथिन आपल्या बी पेशींना परकेच असते. म्हणून काही रुग्णांना औषधानंतर साधारण एक-दोन आठवड्यांनी ताप, पुरळ, सांधेदुखी होते. तो मधला काळ म्हणजे बी पेशींच्या निवडीचाच काळ.

आयती प्रतिपिंडे काही आठवड्यांत शरीरातून नाहीशी होतात. ज्याच्या कानावर 'लस' हा शब्द पडला, त्याला मात्र गेल्या पावसाळ्यात लस घेतली आहे, आता साप चावला तरी भय नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58,000 मृत्यू झाले असा अंदाज आहे. भातलावणी आणि ऊसतोडीच्या मुलखात शिकवणाऱ्याने अशा समजुतीला शब्दाचा आधार देऊ नये.

'प्रतिविष' हा सोपा शब्द मराठीत आहेच. फळ्यावर तो लिहावा, आणि त्याखाली एक वाक्य: शरीर प्रतिपिंड मागणीप्रमाणे घडवत नाही, असलेल्यांतून निवडते आणि वाढवते. ज्या मुलाला हे वाक्य कळले, त्याला उत्क्रांतीचा धडाही निम्मा कळला असे समजावे.