डेव्ह ब्लासिंगेमचे तेरा भाग

डेव्ह ब्लासिंगेमला धड लिहिता-वाचता येत नाही. त्याला घर नाही, वावर नाही, बायकोपोरं नाहीत. एक घोडा, ब्राऊन नावाचा थोराड कुत्रा आणि दुर्बीण बसवलेली विंचेस्टर रायफल, एवढीच त्याची इस्टेट. कुणाची तरी गुरं राखायची, पगार हातात पडला की त्यातला बराचसा दारूत घालवायचा आणि पुढच्या गावाची वाट धरायची. अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर 30 सप्टेंबर 1960च्या शुक्रवारी रात्री या माणसाची मालिका सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या 30 डिसेंबरला संपली. भाग तेरा. 'द वेस्टर्नर' ही मालिका तेवढंच आयुष्य घेऊन आली होती. काऊबॉयच्या गोष्टींवर टीव्हीने जे जे काही केलं, त्यात याहून खरं काही मला सापडलेलं नाही.

तो काळ वेस्टर्नच्या सुगीचा. अमेरिकन टीव्हीवर संध्याकाळी बटण फिरवलं की कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर घोडे दौडत असायचेच. 'गनस्मोक' 1955 साली सुरू झाली आणि पुढची वीस वर्षं चालली. या गर्दीतल्या नायकांची एक ठरलेली घडण होती. इस्त्रीचा सदरा, अचूक नेम, मनात शंकेला जागा नाही आणि भाग संपेपर्यंत गावाला न्याय. सॅम पेकिंपा या गर्दीतच तयार झाला. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत 1925 साली जन्मलेला हा लेखक 'गनस्मोक'साठी लिहीत होता. 1958 साली आलेल्या 'द रायफलमन' या गाजलेल्या मालिकेच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा होता. तिच्यातल्या छोट्या मुलाने जगाचे चटके खात मोठं व्हावं असं त्याला वाटत होतं. मालिका त्या वाटेने जाईना, म्हणून तो बाहेर पडला. मग डिक पॉवेलच्या फोर स्टार कंपनीने त्याला स्वतःची मालिका करू दिली. तीच ही.

पहिल्या भागाचं नाव 'जेफ'. हे एका मुलीचं नाव आहे. डेव्ह तिला लहानपणापासून ओळखतो. ती आता एका गुत्त्यात धंदा करते, डेनी लिप नावाच्या माणसाच्या मुठीत. हा डेनी एके काळचा मुष्टियोद्धा, इंग्रज, नीटनेटका, बोलण्यात गोडवा असलेला. डेव्ह रात्री गुत्त्यात शिरतो तो तिला घरी न्यायला. गोष्ट एवढीच. जवळपास सगळा भाग त्या अंधाऱ्या, कोंदट खोलीत घडतो. ज्या प्रकाराची ओळखच मोकळं आभाळ आणि लांबवर पसरलेली कुरणं, त्याचा पहिलाच भाग चार भिंतींत कोंडायचा, हे धाडसच होतं. पण तो निर्णय किती नेमका आहे हे पाहता पाहता कळतं. डेव्ह उघड्या माळाचा माणूस. त्या खोलीत त्याचे खांदे, त्याची टोपी, त्याचे हात सगळेच जागेला मोठे वाटतात. डेनी मात्र त्या अंधारात पाण्यातल्या माशासारखा वावरतो. कॅमेऱ्याने तोंडी एक शब्द न वापरता सांगून टाकलेलं असतं की इथं राज्य कुणाचं आहे.

मारामारी होते, वेस्टर्नमध्ये ती व्हायचीच. पण तिची जात बघा. डेनीकडे मुष्टियुद्धाचं शास्त्र आहे, डेव्हकडे नाही. डेव्ह मार खातो, धडपडतो, धापा टाकतो. पेकिंपा त्या झटापटीला देखणी होऊ देत नाही. आणि ती संपल्यावर नेहमीच्या मालिकेत जे सुटायला हवं ते इथं सुटत नाही. वाट मोकळी झालेली असते. डेव्हने तिला न्यायची तयारी केलेली असते. जेफही निघू पाहते आणि मग थांबते. ती डेनीकडेच राहते. कुणी धाक घातला म्हणून नव्हे. तिचं मन, तिची सवय, तिची स्वतःबद्दलची समजूत या सगळ्याने तिथंच मूळ धरलेलं असतं. पंचवीस-सव्वीस मिनिटांच्या भागात लेखकाने या निर्णयाचं स्पष्टीकरण देणारं भाषण तिच्या तोंडी घातलेलं नाही. चेहऱ्यावरून आपण जे वाचू तेवढं आपलं. डायना मिले या नटीने ते वाचण्याजोगं ठेवलं आहे. भीती आहे, डेव्हबद्दल माया आहे, आणि आता उशीर झाला आहे हे तिला ठाऊक आहे.

आपल्या रसशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर वेस्टर्नचा ठरलेला रस वीर. नायकाचा उत्साह हा त्याचा स्थायीभाव, खलनायक आलंबन, शेवटची गोळी हे फळ. 'जेफ'मध्ये वीररसाची सगळी सामग्री जागच्या जागी मांडलेली आहे. रायफल आहे, दुष्ट आहे, सोडवायची स्त्री आहे. आणि हातात येतो तो करुण. प्रेक्षकाची फसवणूक न करता हा पालट घडवायला मोठी ताकद लागते. कारण डेव्ह भ्याड ठरत नाही, दुबळाही ठरत नाही. त्याला जे करता येण्यासारखं होतं ते त्याने केलं. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध वाचवता येत नाही, एवढाच त्याचा पराभव.

हा भार ब्रायन कीथने पेलला. दुसऱ्या महायुद्धात तो मरीन दलात विमानातला गनर होता. मारणं-मरणं त्याने पडद्यावर नाव कमावण्याआधी जवळून पाहिलेलं होतं. कदाचित म्हणूनच त्याच्या हातात शस्त्र असलं की त्यात मिरवणं नसतं. तो संवाद अर्धे गिळतो. उत्तर द्यायला वेळ घेतो. मनात काही चाललं की चेहरा उघडा पडू नये म्हणून नजर दुसरीकडे वळवतो. असा अभिनय पहिल्यांदा पाहणाऱ्याला अभिनय वाटतच नाही. त्या काळच्या टीव्हीनायकांमध्ये मला त्याच्या जवळपास जाणारा कुणी दिसत नाही.

आणि ब्राऊन. हे काम स्पाइक नावाच्या कुत्र्याचं, 1957च्या 'ओल्ड येलर' सिनेमात लाखो मुलांना रडवणारा तोच. पण इथं त्याला पराक्रम दिलेले नाहीत. तो बहुतेक वेळ बसून पाहत असतो. त्याच्या नावाच्या भागात बरगंडी स्मिथ नावाचा एक छानछोकी करणारा, लाघवी, बिलंदर माणूस ब्राऊनला विकत घ्यायला बघतो. डेव्ह नाही म्हणतो. मग दोघं पितात, आणखी पितात, आणि उरलेली गोष्ट म्हणजे दोन झिंगलेल्या माणसांची सलगी आणि कुरघोडी. जॉन डेनर या नटाने बरगंडी असा उभा केला आहे की त्याचा राग येत नाही, पण त्याच्यावर विश्वासही टाकवत नाही. बरगंडी तीन भागांत येतो आणि तिन्ही भाग हास्याचे. 'जेफ' दिग्दर्शित करणाऱ्याच्याच हातून हे उतरलं यातच मालिकेची श्रीमंती आहे. डेव्ह तोच राहतो, फक्त एका रात्री त्याच्या वाट्याला दुःख येतं आणि दुसऱ्या रात्री गंमत.

'हँड ऑन द गन' या भागाबद्दल थोडक्यात. एका तरुणाला पिस्तूल विजेसारखं बाहेर काढता येतं आणि त्याला त्याची फार हौस. डेव्ह त्याला समजावतो की हे खेळणं नव्हे. पिस्तूल झटकन उपसणं आणि समोरच्या जिवंत माणसावर नेम धरणं यातलं अंतर त्या पोराला कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पुढे 1969 साली 'द वाइल्ड बंच'मध्ये पेकिंपाने पडद्यावर रक्ताचा सडा घातला, त्याच्यावर हिंसेचा शौकीन म्हणून टीका झाली. टीका करणाऱ्यांनी हा अर्ध्या तासाचा भाग आधी पाहायला हवा होता.

ही मालिका नागपूरजवळच्या बुटीबोरीत बसून पाहिली तर तिच्यातली आणखी एक गोष्ट ठळक होते. काऊबॉय हा मुळात मजूर होता. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 साली संपलं तेव्हा टेक्ससमध्ये गुरं अमाप आणि गिऱ्हाईक उत्तरेत. 1867 साली कॅन्ससमधल्या ॲबिलीनला रेल्वेकाठी गुरांचा बाजार उभा राहिला आणि हजार हजार गुरांचे कळप शेकडो मैल हाकत न्यायचं काम सुरू झालं. पगार महिना तीस-चाळीस डॉलर. त्याच युद्धाने इकडे अमेरिकेचा कापूस अडवला होता, म्हणून वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्यातल्या कापसाला मँचेस्टरच्या गिरण्यांचा भाव आला. आणि त्याच 1867 साली जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. वर्ध्याहून येणारी ती लोहमार्गाची रेघ बुटीबोरीवरूनच जाते. तिकडचा गुराखी आणि इकडचा कापूस वेचणारा, दोघांचंही नशीब एकाच लढाईने आणि एकाच धंद्याने हलवलं होतं. पुढे 1874 साली तिकडे ग्लिडन नावाच्या माणसाने काटेरी तारेचं पेटंट घेतलं, कुरणांना कुंपणं पडली, रेल्वे आणखी आत शिरली आणि दीड-दोन दशकांत लांबचे कळप थांबले. काऊबॉयची दंतकथा झाली ती त्यानंतर. दंतकथेतून पगार गळला आणि पिस्तूल उरलं.

पेकिंपाने तो पगार परत आणला. डेव्ह कामाच्या शोधात फिरतो, न्यायाच्या नव्हे. 'लाइन कॅम्प' हा भाग टॉम ग्रीसने लिहिला आणि दिग्दर्शित केला. कुरणाच्या पार हद्दीवरच्या खोपटात एक-दोन गड्यांनी राहायचं, गुरं हद्दीबाहेर जाऊ द्यायची नाहीत, हे ते काम. थंडी, एकटेपणा, आणि सोबतीला असलेल्या माणसाशी कधी ना कधी होणारी बाचाबाची. बुटीबोरीच्या एमआयडीसीत वर्षभर राहिलेल्या कुणालाही हा माणूस ओळखू येईल. बिहारमधून, छत्तीसगडमधून, आपल्याच गडचिरोली-यवतमाळकडून आलेली पोरं इथं एका खोलीत चारजण राहतात. ठेकेदार बदलला की कंपनी बदलते, कंपनी बदलली की खोली बदलते. सामान एका बॅगेत मावतं. उमरेडकडे जाणाऱ्या रस्त्याने कधी काठेवाडी आपली जनावरं घेऊन जाताना दिसतात, रिकाम्या वावरांत मेंढरं बसवत पुढे सरकणारे. हद्दीवर राखण करणारी, जमीन आपली नसलेली माणसं. 'लाइन कॅम्प' पाहताना मला ती परकी भूमी वाटली नाही. ग्रीसने पुढे याच बीजातून चार्लटन हेस्टनला घेऊन 'विल पेनी' हा सिनेमा काढला. तो 1968चा, आणि काऊबॉयच्या म्हातारपणावरचा उत्तम सिनेमा.

मराठीत वेस्टर्न मालिका झाली नाही. आपण वेस्टर्न पाहिला तो 'मॅकेनाज गोल्ड'मधून आणि 'शोले'च्या रूपाने, दोन्हीकडे भव्यपणा मोठा. पण 'द वेस्टर्नर'ची खरी नातलग आपल्या सिनेमात शोधू नयेत, ती आपल्या पुस्तकांत आहेत. उद्धव शेळके यांची 'धग' प्रसिद्ध झाली ती 1960 सालीच. कौतिक या बाईचं घर सावरण्याचं धडपडणं, तिचं थकणं आणि त्याला कुठलीही वीरश्रीची झूल न घालणारी वऱ्हाडी बोली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त शाळामास्तर धनगरांच्या वस्तीवर उपरा म्हणून येतो, तिथला होतो आणि दुष्काळ वस्ती रिकामी करतो तेव्हा निघून जातो. डेव्हचं येणं आणि जाणं असंच आहे. ज्याने ही दोन पुस्तकं मनापासून वाचली आहेत, त्याला पेकिंपाच्या शैलीची वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही.

मालिका बंद का पडली याचं कारण समोर आहे. शुक्रवारी रात्री साडेआठ ही तिची वेळ. त्याच रात्री, त्याच वेळी एबीसीवर 'द फ्लिंटस्टोन्स' सुरू झाली आणि घरातली मुलं तिकडे गेली. आठवड्याभराने सीबीएसवर 'रूट 66' आली, तिने तरुण नेले. उरलेल्यांपुढे गुत्त्यातली मुलगी आणि तिला न सोडवू शकणारा नायक होता. मालिकेत उणंही आहे. दुसऱ्यांनी दिग्दर्शित केलेले काही भाग सरधोपट आहेत, आणि मेक्सिकन माणसांकडे पाहण्याची नजर काही जागी त्या काळच्या टीव्हीचीच आहे. पेकिंपाने स्वतः हाताळलेले भाग मात्र, त्यातही 'जेफ', 'ब्राऊन' आणि 'हँड ऑन द गन', पहिल्या प्रतीचे आहेत. पुढच्या वर्षी त्याने पहिला सिनेमा केला तो ब्रायन कीथलाच घेऊन, 'द डेडली कंपॅनियन्स'. 1962 साली 'राइड द हाय कंट्री' आला आणि मग जगाने त्याची नोंद घेतली.

कृष्णधवल, अर्ध्या तासाच्या जागेतले हे तेरा भाग 2017 साली डीव्हीडीवर एकत्र आले. बघायला घ्याल तर 'जेफ'पासूनच सुरुवात करा, आणि तो संपल्यावर त्या रात्री दुसरा भाग लावू नका. दुसऱ्या दिवशी 'ब्राऊन' बघा, शक्यतो मित्राला बरोबर घेऊन.