दोन तराने, एक शायर

शायराला काय म्हणायचे होते, हा प्रश्न आम्ही उर्दूचे शिक्षक वर्गात सवयीने विचारतो. इक्बालच्या बाबतीत मात्र तो विचारताना जपून राहावे लागते. 'तराना-ए-हिंदी' 1904चे. 'तराना-ए-मिल्ली' 1910चे. पहिल्यात देश हे घर आहे, दुसऱ्यात वतनाची हद्द मिल्लतीबरोबर जगभर पसरते. पुढे 1930 साली अलाहाबादला मुस्लिम लीगच्या अधिवेशनात त्यांनी वायव्येकडील मुस्लिमबहुल प्रांतांच्या एकत्रित राज्याची कल्पना मांडली.

यावरून दोन मते ऐकू येतात. शायराचा हेतू नंतर उघड झालाच, तेव्हा पहिले गीत खोटे, असे एक मत. मे 2023मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या विद्वत परिषदेने बी.ए. राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमातून इक्बालवरचे प्रकरण वगळण्याचा ठराव केला, तेव्हा असे बोलणाऱ्यांना जोर चढला. दुसरे मत आपल्याच काही मंडळींचे: इक्बालने स्वतःला 'दुरुस्त' केले, मग मुलांना जुने गीत कशाला शिकवता? दोन्ही बाजू भांडतात, पण चूक एकच करतात. शायर नंतर जे झाला, ते त्याच्या आधीच्या ओळींत कोंबतात.

1924मध्ये 'बांग-ए-दरा' छापताना इक्बालनी तरुणपणच्या कितीतरी रचना गाळल्या. हे गीत मात्र गाळले नाही. 1905पर्यंतच्या कवितांच्या पहिल्या भागात ते आहे, 'मिल्ली' तिसऱ्या भागात. म्हणजे संग्रह वाचणाऱ्यासमोर त्यांनी दोन्ही ठेवली.

मग हेतूला काहीच किंमत नाही का? आहे, पण तो शब्दांत उतरला असेल तेवढीच. दुसऱ्या तरान्याची बहर तीच, रदीफही तीच. हा योगायोग नव्हे. शायर स्वतःच्याच जुन्या गीताला उत्तर देतो आहे, आणि पहिले ठाऊक नसेल तर दुसऱ्याची अर्धी धार वाचकाला कळतच नाही. इथे हेतू सिद्ध करायला पत्रे किंवा भाषणे शोधावी लागत नाहीत, कान पुरेसा आहे.

'हिंदी' हा शब्दही बघा. तराना उर्दूत असून नाव 'हिंदी' कसे, असे मुले हमखास विचारतात. त्या काळच्या उर्दूत हिंदी म्हणजे हिंदचा रहिवासी, भाषेचा इथे संबंध नाही. हा अर्थ इक्बालच्या मनातून काढावा लागत नाही, तो तेव्हाच्या बोलण्यात होता. शिक्षकाने खरी मेहनत इथे घ्यावी. शायराच्या दिलाचा पंचनामा करण्यापेक्षा ते पुष्कळ उपयोगाचे.

आणि गीत तरी शायराजवळ कुठे राहिले? आज आपण गातो ती चाल पंडित रविशंकरांची, 1940च्या दशकातली. इक्बाल 1938मध्येच वारले, त्यांनी ती ऐकलीही नाही. 1984मध्ये अंतराळातून भारत कसा दिसतो, असे इंदिरा गांधींनी विचारले, तेव्हा राकेश शर्मांनी याच गीताचे पहिले शब्द उच्चारले. त्यात 1930चे भाषण शोधणारा माणूस भाषणच वाचत असतो, कविता नव्हे.

वर्गात मी दोन्ही तराने एकाच तासाला घेतो, आधी 1904चे, मग 1910चे, तारखा फळ्यावर लिहून. 'मिल्ली' लपवले तर मुलांना ते बाहेर कुणीतरी आरोप म्हणून ऐकवणारच.