चार तारांचा हिशेब

मार्विन गेचं ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (1971) आमच्या कव्हर बँडच्या यादीत आलं, तेव्हा मी दोन पगार ओतून पाच तारांची ॲक्टिव्ह बेस गिटार घेतली होती. तिची सगळ्यात खालची तार साधारण 31 हर्ट्झची. इंजिनिअर आकड्यांना भुलतो. घरी हेडफोनवर ती गडगडायची. पबमधल्या स्पीकरांतून नुसती घरघर यायची.

मग मूळ गाणं नीट ऐकलं. त्यात बेस वाजवणाऱ्या जेम्स जेमरसनची ओळख म्हणजे 1962ची फेंडर प्रिसिजन: चार तारा, एक पिकअप. तारा गुळगुळीत फ्लॅटवाउंड, वाजवायला उजव्या हाताचं एकच बोट. स्वराला चकाकी नाही, पण गोलाई आहे. गाण्याच्या गर्दीत तो स्वर कुणाला ढकलत नाही आणि हरवतही नाही. मार्विन श्वास घेतो तिथे जेमरसन दोन शब्द बोलून घेतो.

मोटाऊनची कितीतरी हिट गाणी त्याने वाजवली, पण कंपनीने अल्बमवर वादकांची नावं छापली ती याच वेळी.

मी त्याचे सगळे स्वर पाठ केले होते, त्याच्या विश्रांती मात्र गाळल्या होत्या. कव्हर करणं म्हणजे वाचन, आणि माझं वाचन विरामचिन्हांशिवाय चाललं होतं.

पाच तारांची तोट्यात विकली. आता एक जुनी प्रिसिजन आहे. परवा ड्रमर म्हणाला, “आज तुझ्यावर टेकून वाजवलं.” त्या रात्री पबमध्ये बेसकडे कुणीच पाहिलं नव्हतं.