बचावलेल्याचे ऋण : ‘माझा प्रवास’ आणि ‘हादाशी नो गेन’ यांतील हिंसाचित्रण व नैतिक पेच

१

संहारातून जिवंत राहिलेल्या माणसाची कथा हा तौलनिक साहित्याभ्यासात तुलनेने उशिरा स्थिरावलेला विषय आहे. जपानी चित्रकथेत, म्हणजे ‘मांगा’ या साहित्यप्रकारात, अशा कथांची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली असून तिचा विचार बहुधा हिंसाचित्रणाच्या अंगाने होतो. रक्तपात किती दाखवावा, कोणत्या वयाच्या वाचकाला दाखवावा, हेच प्रश्न तेथे वारंवार उपस्थित होतात. त्या हिंसेतून उद्भवणारा नैतिक पेच मात्र बऱ्याच वेळा कथानकाचा एक घटक म्हणून बाजूला पडतो. मराठीत या प्रकाराशी थेट समांतर अशी चित्रकथा नाही. तथापि विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ बचावलेल्या माणसाची साक्ष म्हणून वाचल्यास तुलनेला भक्कम आधार मिळतो. या ग्रंथाची आणि केइजी नाकाझावा यांच्या ‘हादाशी नो गेन’ (अनवाणी गेन) या चित्रकथेची तुलना करून, जगून राहण्याच्या कथेत नैतिक पेच नेमका कोठे वसतो याचा शोध घेणे हा येथील हेतू आहे.

२

प्रथम या परंपरेतील एक भेद स्पष्ट करावयास हवा. काझुओ उमेझु यांची ‘ह्योरयू क्योशित्सु’ ही चित्रकथा १९७२ ते १९७४ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत एक प्राथमिक शाळा विद्यार्थी-शिक्षकांसह उजाड भविष्यकाळात फेकली जाते. अन्नाचा साठा मर्यादित असतो. प्रौढ माणसे प्रथम कोसळतात, काही खुनापर्यंत जातात आणि मुलांना आपले राज्य आपणच उभारावे लागते. कोउशुन ताकामी यांच्या १९९९ च्या ‘बॅटल रॉयल’ या कादंबरीवर आधारलेल्या चित्रकथेत (२०००–२००५) हा प्रकार टोकाला जातो. एका वर्गातील मुलांना बेटावर सोडून, शेवटी एकच उरेपर्यंत परस्परांना मारण्याची सक्ती शासनच करते.

या दोन्ही कृतींत पेच कृतीच्या आधी उभा राहतो. मारावे की मरावे, साठा वाटावा की लपवावा, हे प्रश्न पात्रापुढे आणि वाचकापुढे एकाच वेळी येतात. कथेची परिस्थिती लेखकाने या प्रश्नांसाठीच रचलेली असते. अशा रचनेचे सामर्थ्य मोठे आहे, कारण समाजाचे संकेत किती पातळ आहेत हे ती दाखवून देते. तिची मर्यादाही येथेच आहे. जेथे निवड करण्याइतका अवकाश उरलाच नव्हता, अशा संहाराविषयी तिला फारसे बोलता येत नाही. प्रत्यक्ष संहारातून वाचलेल्याच्या कथनात प्रश्न कृतीनंतर सुरू होतो. इतर गेले आणि आपण राहिलो, या वस्तुस्थितीचे काय करावयाचे, असा तो प्रश्न असतो. त्याला ‘बचावलेल्याचे ऋण’ म्हणता येईल.

३

गोडसे भटजी कोकणातील वरसईचे. कुटुंबावरील कर्ज फिटावे म्हणून, बायजाबाई शिंदे यांच्या संकल्पित यज्ञातील दक्षिणेच्या आशेने ते १८५७ मध्ये चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वावटळीत सापडले. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोज यांच्या सैन्याने झाशीला वेढा घालून शहर घेतले, त्या वेळी ते शहरातच होते. पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकिकत लिहून काढली. गोडसे यांच्या निधनानंतर, १९०७ मध्ये, वैद्यांनी ती संस्कारित स्वरूपात प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ वाचकांपुढे येण्यास दत्तो वामन पोतदार यांच्या १९६६ च्या आवृत्तीची वाट पाहावी लागली.

नाकाझावा यांचा जन्म १९३९ चा, हिरोशिमाचा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळे ते वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ कोसळलेल्या घराखाली सापडून आगीत गेले. आईने त्याच दिवशी एका मुलीला जन्म दिला, तीही पुढे दगावली. १९६६ मध्ये आईच्या दहनानंतर हाती लागण्याजोग्या अस्थीही उरल्या नाहीत. या अनुभवाने ते अणुबाँबच्या विषयाकडे वळले. ‘मी पाहिले’ अशा अर्थाचे शीर्षक असलेली आत्मकथा १९७२ मध्ये आणि ‘गेन’चा प्रारंभ १९७३ मध्ये, असा क्रम आहे.

घटना आणि लेखन यांत एका ठिकाणी सुमारे पंचवीस, दुसऱ्या ठिकाणी सत्तावीस वर्षांचे अंतर पडले. हे साम्य योगायोगाचे मानले तरी त्याचा परिणाम दोन्हीकडे सारखाच आहे. जे सांगावयाचे ते मुखोद्गत होते आणि सांगण्यास जागा नव्हती. एकाला राज्यकर्त्यांचे भय होते. दुसऱ्याला अणुबाँबपीडित म्हणून समाजाकडून मिळणाऱ्या तुच्छतेचा अनुभव होता.

४

हिंसेच्या चित्रणात मात्र दोघांच्या रीती भिन्न आहेत. गोडसे यांची रीत गणतीची आहे. झाशीत शिरलेल्या सैन्याने पुरुषांची सरसकट कत्तल कशी केली, लोक विहिरींत आणि गवताच्या गंजींत कसे लपले, लूट पाळीपाळीने कशी झाली, प्रथम सोनेरूपे, मग भांडी, वस्त्रे, धान्य, हे सारे ते क्रमाने सांगतात. यज्ञसामग्रीची यादी करणाऱ्या याज्ञिकाची शिस्त येथे संहाराला लागू झालेली दिसते. ग्रंथसंग्रहाच्या नाशाची हळहळ ते प्रेतांच्या वर्णनाइतक्याच गांभीर्याने नोंदवतात. हा समतोल आधुनिक वाचकाला खटकण्याचा संभव आहे. परंतु भावनेचे शब्द अपुरे पडतात तेव्हा मोजदाद हीच साक्षीदाराची नीती ठरते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. मोजलेली वस्तू नाकारता येत नाही.

नाकाझावा यांची रीत उलट आहे. मुलांच्या साप्ताहिकातील ठसठशीत रेषा, फुगीर गालांची मुले, मारामारीतील विनोद अशा परिचित चित्रभाषेत लोंबणाऱ्या कातडीची माणसे एकाएकी चालत येतात. वाचकाला किळस येईल म्हणून चित्रणाची तीव्रता आपण कमी केली, असे स्वतः चित्रकारानेच सांगितले आहे. म्हणजे जे दिसते ते आधीच सौम्य केलेले आहे. गोडसे यांचा संयम शैलीतून आलेला, तर नाकाझावा यांचा संयम वाचकाच्या वयातून आलेला. दोघांच्याही पानावर दिसणाऱ्या हिंसेमागे न दाखवलेली हिंसा उभी असते.

५

नैतिक पेचाचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा ‘गेन’मधील गृहदाहाच्या प्रसंगात मिळतो. तुळईखाली अडकलेला बाप मुलाला आईस घेऊन निघून जाण्यास सांगतो. मुलाच्या हातून तुळई हलत नाही आणि आग जवळ येत राहते. नाकाझावा यांच्या आत्मकथनानुसार ते स्वतः त्या वेळी घरापाशी नव्हते. हा प्रसंग त्यांना आईकडून कळला. चित्रकथेत मात्र त्यांनी गेनला तेथे आणून उभे केले. तथ्याशी घेतलेली फारकत म्हणून या बदलाकडे पाहणे उथळपणाचे होईल. जो तेथे नव्हता त्याला ‘मी वाचवू शकलो असतो का’ या प्रश्नातून सुटका नसते. उमेझु यांच्या मुलांना निवड करावी लागते. नाकाझावा यांना निवडीची संधीच मिळाली नव्हती, म्हणून त्यांनी ती कल्पनेने स्वतःवर ओढवून घेतली आणि त्या कल्पनेतही तुळई हलू दिली नाही. ऋण फिटत नाही, हेच या प्रसंगाचे सत्य आहे.

गोडसे यांच्याकडे असा कल्पनेचा आधार नाही. त्यांचा पेच त्यांच्या व्यवसायात गुंतलेला आहे. राणीच्या आश्रयाला राहून त्यांनी तिच्या विजयासाठी चाललेली अनुष्ठाने पाहिली. शहर पडल्यावर त्याच अनुष्ठानांचे फळ काय, हा प्रश्न ते स्पष्ट शब्दांत विचारीत नाहीत. तो विहिरीच्या प्रसंगात प्रकटतो. झाशी सोडून काल्पीकडे निघालेली, तहानेने व्याकूळ राणी वाटेत भेटते. भटजी पाणी काढून देऊ पाहतात, तेव्हा विद्वान ब्राह्मणाला ते कष्ट न देता ती स्वतः पाणी काढून पिते. एरवी आश्रयदात्री आणि आश्रित यांचे नाते दानाने ठरलेले असते. येथे आश्रिताजवळ देण्याजोगे एकच उरले होते, आणि तेही स्वीकारले गेले नाही. त्या पाण्याचे ऋण ग्रंथभर राहते. पुढे गंगेची कावड खांद्यावर घेऊन गावी परतणे आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालणे, हे या ऋणाचे एक धार्मिक रूपांतर मानता येईल.

एका बाबतीत नाकाझावा पुढे जातात. ते आपल्या बाजूच्या हिंसेचाही हिशेब मागतात. युद्धखोर शासन, सम्राटाची जबाबदारी आणि जखमी असूनही कोरियन म्हणून उपचार नाकारला गेलेला पाक यांच्या पित्याचा अंत, हे सारे कथेत येते. भाजलेल्या सेइजीला त्याचे आप्तच शिवत नाहीत आणि त्याच्या शुश्रूषेसाठी गेनला मजुरी मिळते, या भागात पीडितांमधील क्रौर्यही उघडे पडते. जून १८५७ मध्ये झाशीच्या जोखनबागेत झालेली युरोपीय स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल गोडसे यांनी पाहिलेली नव्हती. त्यांच्या साक्षीत तिला झाशीच्या पाडावाइतके वजन मिळत नाही. साक्षीची ही मर्यादा मान्य केल्याने ग्रंथाचे मोल कमी होत नाही.

६

झाशीच्या स्मृतीला जबलपूरमध्ये निराळे वळण मिळाले. ‘झाँसी की रानी’ ही सुभद्राकुमारी चौहान यांची हिंदी कविता याच शहरात वास्तव्य असलेल्या कवयित्रीची. राणीची जी प्रतिमा पुढे देशभर रुजली ती प्रामुख्याने या कवितेतील. वीरगाथेला मध्यवर्ती व्यक्ती लागते. विहिरीत लपलेला नागरिक तिच्यात मावत नाही. खुद्द जबलपूरच्या १८५७ ची कथा याहून बोलकी आहे. गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यातील शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी येथे तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यांत शत्रुनाशासाठी देवीला केलेली एक पद्यप्रार्थना होती. सिविल लाइंसच्या आसपास, जेथून इंग्रजी अंमल चालत असे त्याच परिसरात, त्यांचे स्मारक आहे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथे त्यांच्या नावाच्या संग्रहालयाचे लोकार्पण झाले. या देहदंडाचे तत्कालीन वर्णन मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणीतून आलेले आहे. झाशीला गोडसे लाभले. जबलपूरला दंड देणाऱ्याचीच साक्ष उरली. साक्षीदार कोणत्या बाजूने वाचला, यावर हिंसेचा अर्थ किती अवलंबून असतो, हे या दोन शहरांच्या तुलनेतून कळते.

७

‘गेन’ला आजही विरोध होतो. २०१२ मध्ये मात्सुए शहरात शालेय ग्रंथालयांतून ती खुली मिळणे बंद झाले आणि टीकेनंतर २०१३ मध्ये हा निर्णय मागे घेतला गेला. २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमाच्या शिक्षण मंडळाने शांतताशिक्षणाच्या साहित्यातून तिचा उतारा वगळण्याचे ठरवले. ‘माझा प्रवास’वर अशी बंदी आली नाही. त्याच्या वाट्याला सौम्य वगळणूक आली. वैद्यांच्या संस्कारणाने ग्रंथ टिकला व वाचला गेला, हे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागेल की, मराठी वाचकाच्या स्मरणात विहिरीवरची राणी राहिली आणि झाशीच्या गल्ल्यांतील मोजदाद मागे पडली. हिंसा वगळली की नैतिक पेचही वगळला जातो. कशातून वाचलो हे ठाऊक नसेल, तर वाचण्याचे ऋण कोणाचे हेही कळत नाही. जगून राहण्याच्या कथांचे मूल्यमापन करताना, त्यांत किती रक्त आहे यापेक्षा ते रक्त कोणाच्या नावावर मांडले आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.