ह्येचोचे प्रवासवृत्त आणि कोरियाचा अभ्यास

पिंपळनेरसारख्या गावातील एखाद्या विद्यार्थ्याने विद्यापीठात जाऊन कोरियाचा इतिहास व संस्कृती शिकण्याचा मनोदय घरी बोलून दाखविला, तर वडील मंडळी पहिला प्रश्न पोटापाण्याचा विचारतील, आणि तो गैरही नाही. त्या देशाची गाणी व नाटकमालिका यांनी आमच्या तरुणांस वेड लावले आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने माध्यमिक शाळांत शिकविता येतील अशा परभाषांत कोरियन भाषेचे नाव घातले आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तर ती 1970 नंतरच्या दशकापासून शिकविली जाते. तेव्हा दुभाष्याची नोकरी मिळेल, एवढे समाधान वडिलांस देता येते. आम्हांस मात्र निराळाच प्रश्न सुचतो. हा विद्यार्थी वाचणार काय? त्याचे उत्तर शोधताना एका जुन्या, अपुऱ्या आणि फारशा रसाळ नसलेल्या ग्रंथाचा परामर्श घेणे आम्हांस उचित वाटते.

ह्येचो हा शिल्ला राज्यातील, म्हणजे कोरियातील, बौद्ध भिक्षू. इसवी सनाच्या आठव्या शतकात चीनमार्गे तो हिंदुस्थानात आला, पाचही हिंदुस्थाने हिंडला आणि मध्य आशियातून 727 मध्ये चीनच्या सरहद्दीवरील ठाण्यास परतला. मायदेशी तो पुन्हा कधीच गेला नाही. त्याचे प्रवासवृत्त हजार वर्षांहून अधिक काळ नाहीसे झाले होते. 1908 मध्ये तुन-ह्वांग येथील गुहेतील हस्तलिखितांच्या राशीत पॉल पेलिओ या फ्रेंच पंडितास एक गुंडाळी मिळाली. तिला आरंभ नव्हता, शेवट नव्हता, नावही नव्हते. परंतु एका जुन्या चिनी कोशात ह्येचोच्या ग्रंथातील कठीण शब्दांची यादी होती. ते शब्द गुंडाळीशी जुळले आणि ग्रंथ ओळखला गेला. लेखक मूळचा शिल्लाचा हे पुढे 1915 मध्ये ताकाकुसू या जपानी विद्वानाने दाखवून दिले. आज ही गुंडाळी पॅरिसच्या ग्रंथालयात आहे.

ग्रंथ म्हणून पाहू गेले तर ह्यूएन-त्संगच्या विस्तारापुढे हे वृत्त अगदी त्रोटक वाटते. प्रत्येक देशाचा मजकूर जवळजवळ एकाच साच्यातला. राजाचे हत्ती, हवा, वस्त्र, अन्न, जनावरे, त्रिरत्नांवरील श्रद्धा. मग पुढचा देश. आमच्या मते हा रुक्षपणाच त्याचा गुण होय. ह्येचो सजवीत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. पश्चिम हिंदुस्थानातील लोक गाण्यात फार निपुण आहेत असे तो सांगतो आणि त्याच प्रकरणात, अरबांच्या स्वारीने त्या देशाचा अर्धा भाग उद्ध्वस्त झाला आहे, अशी नोंद करतो. समकालीन माणसाची ती एक ओळ पुष्कळ पानांच्या तोलाची आहे. मधूनच तो कविता लिहितो. गुंडाळीत अशा पाच उरल्या आहेत. दक्षिण हिंदुस्थानात चांदण्या रात्री घराची आठवण होऊन लिहिलेल्या कवितेत आपल्या देशाचे जुने नाव येते, आणि हत्ती मोजणारा हा मनुष्य एकाएकी जवळचा वाटू लागतो.

आता मोहाची जागा येते. मध्य हिंदुस्थानातून तीन महिन्यांहून अधिक चालून तो दक्षिणच्या राजाच्या गावी पोहोचला आणि तेथून उत्तरेकडे दोन महिन्यांनी पश्चिम हिंदुस्थानात गेला. गावाचे नाव तो देत नाही. काळ चालुक्यांचा, काही अभ्यासकांनी ते ठिकाण नाशिक ठरविले आहे. नाशिक मानले की नकाशावर बोट आपोआप बागलाणाकडे सरकते, आणि ह्येचोने पांझरेच्या काठी पिंपळनेरास मुक्काम केला असे म्हणण्यास फक्त उत्साह पुरतो. पुरावा मात्र काडीचाही नाही. असल्या उत्साहाचे फळ अयोध्येच्या राजकन्येच्या बाबतीत दिसतेच. इर्योन या भिक्षूने तेराव्या शतकात रचलेल्या ‘सामगुक युसा’ या ग्रंथात, इसवी सन 48 मध्ये आयुता देशाची राजकन्या समुद्रमार्गे येऊन कारक राज्याची राणी झाली, अशी कथा आहे. घटना आणि लेखन यांत बाराशे वर्षांचे अंतर; आयुता म्हणजे अयोध्याच काय, याविषयी वाद. तरीही 2001 मध्ये अयोध्येत स्मारक उभे राहिले. मैत्रीखातर स्मारके खुशाल व्हावीत. विद्यापीठाच्या वर्गात मात्र ही कथा कथा म्हणूनच शिकविली गेली पाहिजे.

ही पारख करावयाची तर मूळ वाचता आले पाहिजे, आणि खरी अडचण तेथेच आहे. ह्येचोचे वृत्त काय, ‘सामगुक युसा’ काय, कोरियन भाषेत लिहिलेलेच नाहीत. ते अभिजात चिनी भाषेत आहेत. हांगुल लिपी 1446 मध्ये प्रसिद्ध झाली, तरी राजदरबाराचे लेखन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चिनी अक्षरांतच चालले. या लेखनास कोरियात हानमून म्हणतात. हानमूनवाचून कोरियाच्या इतिहासाची पदवी म्हणजे मोडीवाचून पेशवाईचा अभ्यास. आमच्या धुळ्यास हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळविली, साधनांचे खंडामागून खंड छापले. 1926 च्या अखेरच्या दिवशी धुळ्यातच त्यांनी देह ठेवला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी तेथे निघाले.

राजवाड्यांच्या पठडीतील माणसास कोरियात आपल्या जातीचे लोक भेटतील. जोसॉन घराण्याची ‘शिल्लोक’ नावाची बखर (बखर हा शब्द येथे अपुरा आहे, कारण ती रोजच्या टिपणांवरून राजाच्या मृत्यूनंतर रचीत) पंचवीस राजांच्या 472 वर्षांची आहे. टिपणे पाहण्याची मुभा खुद्द राजासही नसे. 1404 मध्ये थेजोंग राजा शिकारीत घोड्यावरून पडला. उठताच, ही गोष्ट इतिहासलेखकास कळू देऊ नका, असे तो म्हणाला. लेखकाने पडणे लिहिले आणि हे म्हणणेही लिहिले! सर्वच राजे इतके सोशीक नव्हते. असल्या टिपणापायी किम इल-सोन यास 1498 मध्ये प्राणास मुकावे लागले. 1592 च्या जपानी स्वारीत चारांपैकी तीन ग्रंथभांडारे जळाली. चौथ्यातील प्रत दोघा स्थानिक विद्वानांनी डोंगरात नेऊन लपविली, म्हणून ती वाचली.

तेव्हा पिंपळनेरच्या विद्यार्थ्यास आमचे सांगणे असे की, दिल्लीस जाण्यापूर्वी एक उन्हाळा धुळ्यास मोडी वाचण्यात घालवावा आणि प्रवेश घेताना, येथे हानमून शिकविता काय, हा प्रश्न आधी विचारावा. ह्येचोच्या उरलेल्या वृत्तात अक्षरे सुमारे सहा हजार. ती मुळावरून, टीपांसह मराठीत आणणे हे दोन वर्षांच्या आवाक्यातले काम आहे. दक्षिणच्या राजाचे गाव येईल तेथे तळटीपेत नाशिक असे लिहावे, आणि पुढे प्रश्नचिन्ह घालावे.