मध्ये उभा राहणारा कैदी

डोंगरावरील प्रवचनात येशूने शांती करणाऱ्यांना देवाची मुले म्हटले. ही शांती प्रत्यक्षात कशी करायची, हे समजून घ्यायचे तर मी नव्या करारातल्या एका लहानशा पत्राकडे वळतो. पौलाने फिलेमोनाला लिहिलेले हे पत्र अवघ्या 25 वचनांचे आहे. त्यात ना चमत्कार, ना मोठा सिद्धांत. एक मालक, त्याच्यापासून दूर गेलेला एक गुलाम आणि दोघांवरही जीव असलेला, बंदिवासात पडलेला एक म्हातारा, एवढीच माणसे.

गुलामाचे नाव अनेसिम. तो पळाला होता असे परंपरा सांगते. पौल मात्र तसे कुठेच लिहीत नाही. तो काही काळ दूर झाला, इतकेच म्हणतो. आरोपाची धार अशी बोथट केली, तरी नुकसान झालेच नसेल असे तो भासवत नाही. बंदिवासात पौलाच्या सहवासात अनेसिम ख्रिस्ती झाला, आणि फिलेमोनही पौलामुळेच विश्वासात आलेला. आता अनेसिमाला त्याच्या मालकाकडे, म्हणजे फिलेमोनाकडे, परत पाठवायचे होते, तेही अशा जगात, जिथे गुलामाला काय शिक्षा करायची हे मालकाच्या मर्जीवर असे.

पत्राची बांधणी पाहण्यासारखी आहे. अनेसिमाचे नाव थेट दहाव्या वचनात येते. तोवर पौल फिलेमोनाच्या प्रीतीबद्दल देवाचे आभार मानतो, त्याच्यामुळे पवित्र जनांच्या काळजाला विसावा मिळाला असे सांगतो. मला आज्ञा करता आली असती, पण मी विनंती करतो, असेही म्हणतो. मग नाव येते, आणि लगेच कळते की हा गुलाम म्हणजे पौलाचे स्वतःचे काळीज आहे. पुढे विसाव्या वचनात मागणे येते: माझ्या काळजाला विसावा दे. ज्या गुणाची सुरुवातीला स्तुती केली, तोच गुण आता अनेसिमाच्या बाबतीत दाखवायचा आहे. इतकी हळुवार आणि इतकी घट्ट विणलेली विनवणी मी क्वचितच वाचली आहे.

पण पत्राचा गाभा अठराव्या आणि एकोणिसाव्या वचनांत आहे. झालं गेलं गंगेला मिळालं, असे पौल म्हणत नाही. अनेसिमाने काही नुकसान केले असेल, काही देणे असेल, तर ते माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन, असे तो स्वतःच्या हाताने लिहून देतो. ज्याच्या हातात बेड्या आहेत तो माणूस दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहतो! भांडणाऱ्यांना उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. पौल त्या दोघांच्या मध्ये स्वतःचे नाव घालतो. ज्या ख्रिस्ताने माणसाचे देणे स्वतःवर घेतले असे तो आयुष्यभर सांगत आला, त्याचाच हा कित्ता आहे.

पौल दबाव आणतो का? आणतो. तू स्वतःच माझा ऋणी आहेस, हे तो फिलेमोनाला ऐकवतो. शिवाय पत्र एकट्या फिलेमोनाला नाही. अप्फिया, अर्खिप्प आणि फिलेमोनाच्या घरी जमणारी सारी मंडळी यांनाही आहे. मला हे योग्यच वाटते. मालक आणि गुलाम यांच्यातला समेट बंद दाराआड झाला, तर दुबळ्याला तोंड उघडायला जागाच उरत नाही. त्याला साक्षीदार लागतात. म्हणून पौल शेवटी आपल्यासाठीही मुक्कामाची खोली तयार ठेवायला सांगतो. तो स्वतः येऊन पाहणार आहे.

एक गोष्ट मात्र टोचते. गुलामगिरी चूक आहे, असे पौल उघड लिहीत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत याच पत्राचा आधार घेऊन गुलामांनी पळू नये असे शिकवले गेले. जॉर्जिया राज्यात चार्ल्स कोलकॉक जोन्स या पाळकाने तसे प्रवचन दिले, तेव्हा ऐकणाऱ्या गुलामांपैकी निम्मे उठून चालते झाले. ही हकीकत त्याने स्वतःच नोंदवली आहे. माझ्या मते पत्राचा अर्थ त्या पाळकापेक्षा उठून गेलेल्यांना अधिक कळला होता. अनेसिमाला गुलाम म्हणून नव्हे तर प्रिय भाऊ म्हणून घे, आणि मीच आलो आहे असे समजून घे, ही पौलाची मागणी आहे. ती पुरती मानली, तर भावाला गुलाम म्हणून कसे ठेवणार?

शेवटच्या सलामांत मार्काचे नाव आहे. याच मार्काला बरोबर घ्यावे की नाही, यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांचे इतके बिनसले होते की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. इथे पौल त्याला आपला सहकारी म्हणतो. मध्ये काय घडले ते लिहिलेले नाही, पण दुसऱ्यांची समजूत घालणाऱ्याने स्वतःचा तुटलेला धागाही जोडला होता, एवढे या एका नावावरून दिसते.

फिलेमोनाने पुढे काय केले, ते पत्र सांगत नाही. तीताच्या पत्रानंतर आणि इब्री लोकांस पत्राच्या आधी ते सापडेल. घरातल्या सगळ्यांना ऐकू येईल असे मोठ्याने वाचा. ते तसेच वाचले जावे म्हणून लिहिले होते.