दोन लिप्या, एक कुंचला

लग्नाची निमंत्रणपत्रिका हाती आली की आम्ही मजकुराआधी अक्षरे पाहतो. रायगडच्या किनाऱ्यावरील कॅथलिक घरांत ती पुष्कळदा दोन लिप्यांत असते. कोर्लईत पोर्तुगीज मुळाची क्रिस्ती बोली आजही नांदते. आडनावे पोर्तुगीज वळणाची, तर बाहेरचा व्यवहार मराठीचा. मात्र अलीकडेच आमच्याकडे आलेल्या एका पत्रिकेत रोमन लिपीतील नावे कुंचल्याच्या डौलात मिरवत होती आणि तीच नावे मराठीत खाली बारीक, निर्जीव अक्षरांत उभी होती. वधूची आजी वाचणार ती मराठीच. मग तिच्या लिपीला हे दुय्यम स्थान का?

या प्रश्नाचे एक उत्तर आम्हाला ‘यात्रा वन’ या टंकात, म्हणजे संगणकावरील फॉन्टमध्ये, सापडले. मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांपासून स्फूर्ती घेऊन कॅथरीन ली श्मिट यांनी तो घडवला. त्यात देवनागरी आधी रेखाटली गेली, रोमन नंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. परंपरेने देवनागरी बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट असतो. त्यामुळे अक्षरांतील जाड-बारीक रेषा दोन्ही लिप्यांत विरुद्ध दिशांनी तिरक्या पडतात. ‘यात्रा’मध्ये रोमन अक्षरांनी देवनागरीचा कोन पत्करला आहे. शेजारी शेजारी लिहिलेली दोन नावे त्यामुळे एकाच हातची वाटतात. टंक मुक्त परवान्याचा व विनामूल्य असल्याने गावातील छापखान्यालाही तो सहज वापरता येतो.

तथापि गुणांबरोबर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. या टंकाला एकच जाडी आहे. बारीक आकारात त्याच्या भरदार रेषा जोडाक्षरांत दाटतात. म्हणून नावे आणि शीर्षक ‘यात्रा’त, तर मिस्साची वेळ, पत्ता, प्रार्थना ‘मुक्ता’सारख्या साध्या, सरळ टंकात, ही विभागणी आम्हाला योग्य वाटते. मृताच्या स्मरणपत्रिकेत तर नावापुरताच त्याचा वापर व्हावा. दुःखाच्या मजकुराला पाटीचा ठसका शोभत नाही.

आणखी एक उणीव टंकमात्राचीच आहे. होडीच्या नाळेवर नाव रंगवणारा कारागीर फळी संपत आली की अक्षरे आवळतो, जागा उरली तर वेलांटी सैल सोडतो. एकाच नावातील दोन ‘र’ त्याच्या हातून तंतोतंत सारखे उतरत नाहीत. टंकात मात्र प्रत्येक ‘र’ तोच. कुंचल्याची चाल त्यात उतरली, प्रसंग पाहून घेतलेला निर्णय उतरला नाही. तेव्हा असा कारागीर गावात असेल तोवर सणाचा फलक त्याच्याकडूनच रंगवून घ्यावा.

पत्रिका छापताना वाचकांनी एवढे अवश्य करावे: कच्चा नमुना घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीच्या हाती द्यावा. तिला चष्मा न शोधता नाव वाचता आले, तर टंक नीट निवडला असे खुशाल समजावे.